बंदूक कशाला हवी तुम्हाला?

दरवर्षी जानेवारीत निडीला आमच्या वाडीवर पोपटी होते. शेतातल्या वालाच्या शेंगा, ओवा, खडे मीठ, चार अंडी आणि खाणाऱ्यांसाठी कोंबडी असं सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात गच्च भरायचं, मडकं उपडं घालायचं, वर पेंढा आणि गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं आणि मग अर्धा-पाऊण तास गप्पा मारत बसायचं. रायगड जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगायला नको. घाटावरच्या वाचकांसाठी सांगितलं इतकंच.

यंदाही मित्रमंडळी दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीने आली. नागोठणे आणि रोहा यांच्यामधलं निडी हे एवढंसं स्टेशन. गाडी थांबते आणि उतरलेली माणसं मोजून होण्याआधी सुटतेही. एक निवृत्त मुख्याध्यापक, माझे शाळासोबती. बँकेतला माझा जुना जोडीदार आणि त्याची बायको. आणि पेणमध्ये तीस वर्षं दवाखाना चालवलेल्या एक डॉक्टरीणबाई. मडक्याला जाळ लावला, आणि मुख्याध्यापक शाल आणायला घरात गेले ते हातात एक कागद घेऊनच बाहेर आले. माझ्या टेबलावर पडलेला शस्त्र परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज होता तो.

"अरे, हे काय? तुझ्याकडे बंदूक आहे?"

"आहे."

"चार कादंबऱ्या लिहिल्यास. एकाही पात्राला कधी साधी थोबाडीत मारू दिली नाहीस. आणि घरात बंदूक?"

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आणि आम्ही रात्री त्याच घरात झोपायचं?"

डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी एवढंच विचारलं, "नुसती ठेवता, की घेऊन फिरताही?"

"रात्री वाडीत फेरी मारताना खांद्याला असते," मी म्हणालो.

यावर जी शांतता पसरली ती पोपटी उकरेपर्यंत टिकली नाही, हे सांगायला नकोच. माझी उलटतपासणी सुरू झाली. तिथे शेकोटीपाशी मला सगळं नीट सांगता आलं नाही. शिवाय अशा प्रश्नांची उत्तरं तोंडी देताना माणूस स्वतःची बाजू जरा जास्तच सावरून घेतो. म्हणून इथे लिहून देतो आहे.

वडिलांची एकनळी

बंदूक मी विकत घेतलेली नाही. ती वडिलांची. बारा बोअरची एकनळी, घोड्याची. त्यांनी ती शेतीच्या राखणीसाठी घेतली होती. कोकणात अशा बंदुका गावोगाव सापडतील. जुन्या काळी तर ठासणीच्याच जास्त. भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचरच्या खाचर लोळवून जातो. भात निघालं की वाल, आणि वालावर वानरं. १९५९च्या शस्त्र कायद्यातच शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची आणि संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीच्या साध्या बंदुकीची वेगळी सोय आहे ती याचमुळे.

लहानपणी मला वाटायचं, वडिलांचा नेम अगदीच वाईट आहे. रात्री माचावरून ते बार काढायचे, डुकरं उधळायची, पण सकाळी एकही पडलेलं दिसायचं नाही. पुढे कळलं, की ते मुद्दामच आंब्याच्या शेंड्यावरून बार काढत. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकरालाही संरक्षण आहे. नुकसान करणारं जनावर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. वडिलांना कलमं पाठ नव्हती. त्यांचं म्हणणं सोपं होतं. डुकराला पळवायचं आहे, मग आवाज पुरे.

वडील गेल्यावर बंदूक रीतसर पोलीस ठाण्यात जमा झाली. मी तेव्हा नोकरीत होतो, बदल्यांवर फिरत होतो. सोडून द्यावी असंही मनात आलं. पण निवृत्तीनंतर इथे येऊन राहायचं ठरलेलं होतं. वारस म्हणून अर्ज केला. अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा घातल्या, पोलीस चौकशी झाली आणि परवाना माझ्या नावावर झाला. कारणाच्या रकान्यात दोन शब्द आहेत : शेतीसंरक्षण आणि स्वसंरक्षण. मित्रांना पहिल्या शब्दाचं काही वाटलं नाही. भांडण सगळं दुसऱ्या शब्दावर.

मुख्याध्यापक इतिहास शिकवायचे. मी त्यांना त्यांच्याच मैदानात गाठायचा प्रयत्न केला. म्हटलं, १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणून हिंदी माणसाचा हात रिकामा केला, तो केवढा अपमान होता, हे तूच मुलांना शिकवत होतास ना? पुढच्याच वर्षी आपल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके बंड करून उठले, हेही तूच शिकवलंस. ते शांतपणे म्हणाले, "तेव्हा पोलीस परक्यांचे होते रे. आता ते आपले आहेत. आपल्या पोलिसांवर विश्वास नाही म्हणून बंदूक ठेवायची, तर मग स्वराज्य मिळवलं कशाला?"

उत्तर बिनतोड होतं. फक्त माझं भांडण पोलिसांच्या विश्वासाशी नाही. माझं भांडण अंतराशी आहे.

रोकड आणि काडतुसं

हे अंतर मला बँकेने शिकवलं. ऐंशीच्या दशकात मी एका आडगावच्या शाखेत होतो. महिन्यातून दोनदा करन्सी चेस्टवरून रोकड आणावी लागे. भाड्याची जीप, साखळीने जखडलेली लोखंडी पेटी, मी, कॅशियर आणि दुनळी घेतलेला चौकीदार. चौकीदार माजी सैनिक. रस्ता दीड तासाचा, मध्ये घाट. पहिल्या खेपेला मी त्यांना विचारलं, की चारजण आले तर तुमच्या दोन काडतुसांनी काय होणार? ते म्हणाले, "साहेब, ही बंदूक चारजणांना मारायला नाही. पोलीस येईपर्यंतचा वेळ काढायला आहे."

हे वाक्य मी विसरलो नाही. नोकरीच्या अडतीस वर्षांत माझ्या कुठल्याही शाखेत कुठल्याही चौकीदाराने गोळी झाडली नाही. आता यावरून दोन निष्कर्ष निघतात. बंदूक होती म्हणून दरोडा पडला नाही, हा एक. दरोडा पडणारच नव्हता, हा दुसरा. खरं काय ते कुणालाच सांगता येणार नाही. विम्याचा हप्ता भरताना आपण हाच व्यवहार करतो. घराला आग लागली नाही म्हणून हप्ता वाया गेला असं शहाणा माणूस म्हणत नाही.

पण बँकेने आणखी एक गोष्ट शिकवली, ती जास्त महत्त्वाची. काडतुसांची नोंदवही असते. एका संध्याकाळी नोंदीत दहा आणि हातात नऊ. कॅशमध्ये पन्नास रुपयांचा फरक आला तर शाखा रात्री नऊपर्यंत थांबते. त्या एका काडतुसासाठी आम्ही पहाटेपर्यंत थांबलो. शेवटी ते चौकीदाराच्या जुन्या पट्ट्याच्या खणात सापडलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की बंदूक ही वस्तू नाही, ती जोखमीची ठेव आहे. तिचा हिशेब रोज लागतो.

कार्तिकातली एक रात्र

निवृत्त होऊन आम्ही दोघं इथे राहायला आलो. घर गावापासून जरा सुटं, शेताच्या कडेला. २०१९ सालच्या नोव्हेंबरात, रात्री दीडच्या सुमारास कुत्रा भुंकायला लागला आणि अचानक गप्प झाला. मागच्या दाराची कडी कुणीतरी हलवून बघत होतं. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर अंगणात तिघं होते, कदाचित चार. एकाच्या हातात पहार.

हिने फोन लावला. पोलिसांनी तत्परतेने उचलला, पत्ता विचारला, निघतो म्हणाले. निघालेही. पण रात्रीच्या वेळी, आमच्या रस्त्याने, जीपला यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. यात कुणाचा दोष नाही. तेवढं अंतरच आहे.

मी बंदूक काढली. काडतूस भरलं. दार उघडलं नाही. आतूनच ओरडून सांगितलं, "माझ्या हातात बंदूक आहे. पोलिसांना फोन झालेला आहे." आणि घोडा चढवला. तो आवाज रात्री फार मोठा येतो. बाहेर कुजबूज झाली. मग पावलं, मग बांधावरून उडी मारल्याचा आवाज. जीप आली तेव्हा अंगणात पहार पडलेली होती आणि कुत्रा खाटेखाली कण्हत होता.

बँकेतला जोडीदार म्हणाला, "म्हणजे बंदुकीने काम केलं!" मी म्हटलं, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. कदाचित पोलिसांचं नाव ऐकून गेले असतील. शेजारच्या वाडीत दिवा लागला होता, तो पाहून गेले असतील. एवढं मात्र खरं, की त्या वीस मिनिटांत हातात काही नसतं तर त्या कडीकडे बघत बसण्यापलीकडे मी आणि ही काय करणार होतो, ते मला आजही सुचत नाही.

"आणि मी दार उघडून गोळी घातली असती तर?" हा प्रश्न मीच मित्रांना विचारला. कारण परवाना घेणाऱ्या बहुतेकांना याचं उत्तर ठाऊक नसतं. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्या कायद्यात पहिल्यापासून आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घरफोडी करत असेल, तर मालमत्तेच्या रक्षणासाठीही जातो. पण त्याला कुंपणं आहेत. पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्क नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क नाही. आणि चोर पाठ फिरवून बांधावरून उडी मारत असताना मारलेली गोळी ही स्वसंरक्षणाची गोळी राहत नाही. घोडा चढवण्यापासून चाप ओढेपर्यंतच्या एका क्षणात माणूस फिर्यादीचा आरोपी होतो. त्या रात्री मी दार उघडलं नाही, ते शहाणपणाने की भीतीने, हे सांगणं कठीण आहे. दोन्हीचा परिणाम चांगला झाला, एवढंच.

डॉक्टरांचा आक्षेप

डॉक्टरीणबाईंनी एव्हाना शेंगा सोलायला घेतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चोरांचं मला सांगू नका. घरातल्या बंदुकीने घरातलीच माणसं किती जातात, ते सांगा."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते खोडून काढण्यासारखं नव्हतं. अमेरिकेत नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका असाव्यात असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला होता; म्हणजे माणसांपेक्षा जास्त. तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. चोराला मारण्यासाठी घेतलेली बंदूक बहुतेक वेळा मालकाच्याच घरात चालते. माझा एक भाचा टेक्सासमध्ये असतो. तिथे सप्टेंबर २०२१पासून, काही अपवाद सोडले तर, सज्ञान माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं. तो सांगतो, की मुलाला वाढदिवसाला कुणाकडे पाठवण्याआधी तिथली काही आईबाप मंडळी विचारून घेतात, तुमच्या घरात बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे का. आपल्याकडे हा प्रश्न विचारायची वेळ आली नाही, हे आपलं भाग्य.

जोडीदार म्हणाला, "अरे, अमेरिका कशाला? गोविंदाचं बघ ना." १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्याच पायात घुसली. आसपास ना चोर ना दरोडेखोर. बाहेरगावी जायची गडबड आणि हातात भरलेलं हत्यार. जानेवारी २०२५मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रात्री शिकारीला गेलेल्या टोळक्याने रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी घातली. कोकणात अशी बातमी काही वर्षांनी पुन्हा पुन्हा येते. गाव बदलतं, बातमी तीच.

"आणि बीड?" मुख्याध्यापक म्हणाले. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यानंतर त्या एका जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्र परवाने असल्याचं महाराष्ट्राला कळलं, आणि प्रशासनाने त्यातले शंभराहून अधिक रद्द केले. कमरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो, लग्नाच्या वरातीत आकाशात झाडलेल्या गोळ्या. अशा हर्षाच्या गोळीबाराला २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. "त्या हजारातला प्रत्येकजण 'स्वसंरक्षण' असंच लिहीत असणार," मुख्याध्यापक म्हणाले. "तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

मी म्हणालो, कागदावर काहीच नाही. फरक असेल तर तो एवढाच, की माझी बंदूक तुला तीस वर्षं ठाऊक नव्हती. जी बंदूक दाखवायला ठेवलेली असते ती रक्षणाची नसते, दहशतीची असते. परवानाधारकांना एका मापाने मोजू नये हेही मी सांगितलं. आपल्या देशात नागरिकांकडे सात कोटींच्या वर बंदुका असाव्यात आणि त्यातल्या जेमतेम ९७ लाखांचीच नोंद असावी, असा त्याच २०१८च्या पाहणीचा अंदाज होता. म्हणजे दर सातातल्या सहा बेकायदा. दुसऱ्या टोकाला कूर्गचे कोडव लोक : त्यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्याची सूट आहे, ती आजही चालू आहे. म्हणून तिकडे रोज मुडदे पडत नाहीत. हत्याराभोवती रीत किती घट्ट आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

हे सगळं मी बोललो खरं. पण डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे नव्हतं, आणि त्यांनाही ते कळत होतं. म्हणून मग मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

वलगणीची रात्र

२०२१चा जून. पहिला मोठा पाऊस झाला. आमच्याकडे त्या रात्री माणसं झोपत नाहीत. ओढ्याच्या पाण्याला मासे उलटे चढतात, ती वलगण. शेताच्या बांधांवर खेकडे, मुठे बाहेर पडतात. पोरं बादल्या आणि विजेऱ्या घेऊन निघतात. मला हे जन्मापासून ठाऊक आहे. तरीही.

वीज गेली होती. मागच्या रात्रीच पलीकडच्या वाडीतून पंप चोरीला गेल्याचं ऐकलं होतं. अकराच्या सुमारास गोठ्यामागे कुणीतरी चालल्यासारखं वाटलं. मी बंदूक घेऊन पडवीत आलो. त्या काळात रात्री काडतूस भरलेलंच असे. कुडाशेजारी वाकलेली आकृती दिसली, हातात काहीतरी लांब. मी हाक मारली, "कोण आहे?" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. आकृती सरळ उभी राहिली आणि माझ्या दिशेने दोन पावलं आली. मी घोडा चढवला. तिसरी हाक मारली. उत्तर नाही.

माझं बोट चापावर होतं. मित्रहो, हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

तेवढ्यात वीज चमकली. शेजारचा पोरगा. चौदा वर्षांचा. डोक्यावर इरलं म्हणून खताची गोणी घेतलेली, हातात खेकडे बिळातून काढायची काठी, दुसऱ्या हातात बादली. पत्र्यावरच्या पावसात आणि गोणीत त्याला माझी एकही हाक ऐकू आली नव्हती. मला पाहून तो हसला आणि म्हणाला, "काका, बघा किती मुठे मिळाले!"

मी बंदूक पाठीमागे घेतली, घोडा उतरवला आणि काडतूस काढायला गेलो तर हात इतका थरथरत होता, की नळी उघडेना. त्याने चार मुठे आमच्याकडे ठेवले. हिने त्यांचं कालवण केलं. मला जेवण गेलं नाही. आजही त्या पोराला मी हे सांगितलेलं नाही.

त्या रात्रीनंतर मी स्वतःला काही नियम घालून घेतले. फेरी मारताना बंदूक रिकामी, नळी उघडी, दोन काडतुसं खिशात. आधी विजेरीचा झोत, मग हाक, मग पुन्हा झोत. समोरच्याचा चेहरा दिसल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. कितीही आवाज आला तरी उंबरठा ओलांडून कुणाच्या मागे जायचं नाही. या नियमांनी मी दोन-चार क्षण उशीर करतो, हे मला कळतं. खऱ्या दरोडेखोरापुढे हे दोन-चार क्षण महाग पडतील, हेही कळतं. ते जोखीम म्हणून मी माझ्या खात्यावर घेतले आहेत. पोराच्या खात्यावर नाहीत.

कपाटाची किल्ली

शेकोटीपाशी कुणी काही बोलेना. मग मीच पुढचं सांगून टाकलं. डॉक्टरांना अर्धंमुर्धं ठाऊक होतं.

२०२२च्या मे महिन्यात ही गेली. दिवसपाणी झाले, माणसं पांगली, मुलगी पुण्याला परत गेली. रात्री लांब व्हायला लागल्या. एका रात्री मी बंदुकीचं कपाट उघडून समोर खुर्ची घेऊन बसलो. अंगणात कुणी नव्हतं. कुत्रा झोपलेला होता. मी कपाट का उघडलं हे मला आजही नीट सांगता येत नाही, पण उजाडल्यावर मी दोन गोष्टी केल्या. मुलीला फोन करून बोलावून घेतलं, आणि डॉक्टरांकडे जाऊन औषध सुरू केलं. मुलगी आली तशी आम्ही बंदूक अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे नेऊन ठेवली. परवानाधारकाला आपलं हत्यार असं सुरक्षित ठेवायला विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात देता येतं. ही सोय फार थोड्यांना माहीत असते. निवडणुकीत आचारसंहितेच्या वेळी जमा करतात तेवढंच लोकांना ठाऊक. चौदा महिने ती तिकडेच होती. त्या चौदा महिन्यांत डुकरांनी भाताची दोन खाचरं नेली. नेऊ देत.

"परत आणताना कुणाला विचारलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मुलीला."

"काय म्हणाली?"

"आधी नाही म्हणाली. सहा महिन्यांनी हो म्हणाली, एका अटीवर. तिने फोनवर 'बाबा, जमा करा' असं म्हटलं, की दुसऱ्या दिवशी जमा करायची. का, कशाला, विचारायचं नाही."

"आणि म्हणाली कधी?"

"एकदा. गेल्या पावसाळ्यात मला ताप होता तेव्हा. केली जमा."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "अर्जावर हाही एक रकाना असायला हवा."

मला त्यांचं म्हणणं पटलं. परवाना देताना प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखला मागतात, तो एका दिवसाचा असतो. माणूस पाच वर्षांत किती बदलतो! जोडीदार जातो, नोकरी जाते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, कानांना पाऊस तेवढा ऐकू येतो. बंदूक मात्र तशीच राहते. तेव्हा घरात हत्यार ठेवणाऱ्याने आपल्यापेक्षा स्पष्ट बघणारं एक माणूस जवळ ठेवलं पाहिजे, आणि त्याने सांगितल्यावर ऐकलं पाहिजे. ज्याच्याकडे असं माणूस नाही त्याने बंदूक ठेवू नये, एवढं मी आता अनुभवाने म्हणू शकतो.

मग नूतनीकरण करणार का? करणार आहे. बहुधा शेवटचं. २०१६च्या नियमांप्रमाणे सत्तरीनंतर परवाना वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. मुलीने आधीच सांगून ठेवलं आहे, की तिला नको. मग ती सरकारजमा होईल, आणि होऊ दे. तोपर्यंत मी इथे एकटा राहतो आणि मदत वीस-पंचवीस मिनिटं लांब आहे. त्या मिनिटांसाठी ती कपाटात असेल. मुख्याध्यापक जाताना म्हणाले, "मला अजूनही पटलेलं नाही." मी म्हटलं, न पटलेलाच बरा, पुढच्या जानेवारीत पुन्हा विचार.

शेजारचा पोरगा आता मोठा झाला. रोह्याला कॉलेजात जातो. खेकड्यांचं वेड गेलेलं नाही. पहिला पाऊस पडला, की संध्याकाळी कुंपणापाशी येऊन तो मला सांगतो, "काका, आज रात्री इकडून जाणार आहे हं." त्याला वाटतं, मुठ्यांचा वाटा ठेवायचा म्हणून मी विचारून ठेवलं आहे. त्या रात्री मी काडतुसांच्या डब्याला हात लावत नाही, आणि पडवीतला दिवा सकाळपर्यंत चालू ठेवतो.